ब्रेल नोटटेकरला मोबाईलचं नेट कसं जोडायचं? कोकणातल्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि थोडेफार रायगडातले लोक फोन करून नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक व्हॉइस मेसेज टाकून मला जे विचारत असतात ते इथे एका जागी लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं वाचा म्हणून सांगता येईल. नोटटेकर म्हणजे ब्रेलमध्ये लिहायचं-वाचायचं छोटं मशीन. स्वतः अंध असलेल्यांसाठी लिहिलंय पण घरातल्या डोळस माणसाने वाचून मदत केली तरी चालेल, फक्त मशीन त्यांच्या हातातून काढून घेऊन "थांब मीच करतो" असं करू नका म्हणावं.

नोटटेकर फोनला ब्लूटूथने जोडलाय, फोनवरचं सगळं ब्रेलमध्ये वाचता येतंय, मग नोटटेकरवर नेट का येत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून पहिला घेतला. तुम्ही जे केलंय त्यात नोटटेकर हा फोनचा ब्रेल डिस्प्ले झालाय. म्हणजे टॉकबॅक (अँड्रॉइडवर) किंवा व्हॉइसओव्हर (आयफोनवर) हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्रॅम जे बोलतो तेच तुमच्या बोटाखाली येतंय आणि तुम्ही दाबलेल्या कीज फोनला जातायत. यात नेट फोनचंच आहे आणि फोनमध्येच वापरलं जातंय, नोटटेकरच्या स्वतःच्या ईमेलला किंवा ब्राउझरला त्यातला थेंबसुद्धा मिळत नाही. दाभोळची फेरीबोट धोपाव्याला नेते म्हणून ती मुंबईला पण नेईल असं नसतं ना, तसंच. ब्लूटूथ एकच, पण त्यावरून कुठली सेवा चालू आहे ते महत्त्वाचं. नोटटेकरला स्वतःचं नेट हवं असेल तर फोनचा हॉटस्पॉट लावून वाय-फायने जोडायचं, किंवा ब्लूटूथ टेदरिंग, म्हणजे ब्लूटूथवरूनच फोनचं नेट देणं, वेगळं चालू करायचं.

आणि खरं विचाराल तर आधी स्वतःला विचारा की नोटटेकरला नेट हवंय कशाला. नुसतं व्हॉट्सअ‍ॅप वाचायचं असेल, बातम्या वाचायच्या असतील, तर डिस्प्ले म्हणून जोडलेलं आहे तेच उत्तम, उगाच दुसरी भानगड नको. पुस्तकं थेट मशीनमध्ये उतरवायची असतील, मशीनवरच ईमेल लिहायची सवय असेल, किंवा मशीनचं सॉफ्टवेअर अपडेट करायचं असेल तर पुढचं वाचा.

माझ्या मशीनला नेट चालतं की नाही तेच माहीत नाही. कसं कळणार?

मेनूत वाय-फाय असं काही सापडतं का बघा, सापडलं तर चालतं. साधारण अंदाज सांगतो. ब्रेलनोट टच प्लस, ब्रेलसेन्स पोलॅरिस, ब्रेलसेन्स ६ ही अँड्रॉइडवर चालणारी मशीनं, यांना वाय-फाय आहे आणि फोनशी जमवून घेताना फार त्रास देत नाहीत. ब्रेलनोट अपेक्स, ब्रेलसेन्स यू२ ही जुनी, विंडोज सीई या लहान मशीनांसाठीच्या जुन्या विंडोजवरची, वाय-फाय आहे पण आजचं इंटरनेट त्यांना झेपत नाही, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय. ब्रेलियंट बीआय २०एक्स आणि ४०एक्स हे पूर्ण नोटटेकर नाहीत पण वाय-फायवरून पुस्तकं उतरवतात.

ऑर्बिट रीडर २० ला मात्र वाय-फाय नाहीच. त्याला ब्लूटूथ, यूएसबी आणि एसडी कार्ड एवढंच. ज्यांच्याकडे ऑर्बिट आहे त्यांनी हॉटस्पॉटच्या मागे लागू नका, पुस्तक फोनवर नाहीतर कॉम्प्युटरवर उतरवा आणि कार्डात टाका, काम झालं.

हॉटस्पॉट लावायचा कसा? घरात डोळस कोणी नसताना?

अँड्रॉइडवर टॉकबॅक चालू असताना दोन बोटांनी वरून खाली ओढलंत की नोटिफिकेशनचा पडदा येतो, परत एकदा ओढलंत की क्विक सेटिंग्ज पूर्ण उघडतात. तिथे उजवीकडे स्वाइप करत करत हॉटस्पॉट येईपर्यंत जा आणि डबल टॅप करा. डबल टॅप करून दुसऱ्या वेळी बोट तसंच धरून ठेवलंत तर थेट हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जाल, तिथे नाव आणि पासवर्ड बदलता येतो. क्विक सेटिंगमध्ये नसेल तर सेटिंग्ज, मग नेटवर्क आणि इंटरनेट किंवा कनेक्शन्स, मग हॉटस्पॉट आणि टेदरिंग. प्रत्येक कंपनी नावं जरा वेगळी देते पण हॉटस्पॉट हा शब्द कुठेतरी असतोच, सेटिंग्जच्या शोधपट्टीत टाइप केलात तर भटकावं लागत नाही.

आयफोनवर सेटिंग्जमध्ये पर्सनल हॉटस्पॉट उघडा आणि इतरांना जोडू द्या असा जो स्विच आहे तो चालू करा. पासवर्ड तिथेच खाली असतो. एक लक्षात ठेवा, आयफोनच्या हॉटस्पॉटचं नाव म्हणजे फोनचंच नाव, आणि ते बदलायचं तर जनरलमध्ये अबाउटमध्ये जावं लागतं. नाव बदलाच. फोनचं नाव मराठीत ठेवलं असेल किंवा इंग्रजी नावात तो वरचा तिरका स्वल्पविराम असेल तर जुन्या मशीनवर ब्रेलमध्ये काहीतरी भलतंच उमटतं, कधी जोडणीच होत नाही. साधं, इंग्रजी लहान अक्षरातलं, मध्ये जागा न सोडलेलं नाव ठेवा. गावाचं ठेवा नाहीतर कुत्र्याचं ठेवा.

मग नोटटेकरवर वाय-फाय चालू करायचं, नेटवर्क शोधायचं, यादीत आपलं नाव आलं की एंटर, पासवर्ड, परत एंटर. नावाचं पहिलं अक्षर दाबलं की बहुतेक मशीनं यादीत तिथे उडी मारतात.

पासवर्ड अगदी बरोबर टाकतो तरी मशीन चुकीचा आहे म्हणतं. काय करू, वैताग आलाय.

पासवर्ड बरोबर असतो, लिहायची पद्धत चुकते. इथे जरा सविस्तर लिहितो कारण अर्धे लोक इथेच मशीन बंद करून ठेवून देतात.

आपण शाळेत शिकलेलं ब्रेल म्हणजे आकड्याच्या आधी नंबर साइन, इंग्रजी मोठ्या अक्षराच्या आधी डॉट ६ (सहाव्या नंबरचं टिंब), आणि दुसऱ्या ग्रेडची संक्षिप्त रूपं. पासवर्डच्या चौकटीत बऱ्याच मशीनवर हे काहीच चालत नाही, तिथे कॉम्प्युटर ब्रेल लागतं, आणि ते बहुतेक वेळा अमेरिकन कॉम्प्युटर ब्रेल असतं. त्यात प्रत्येक चिन्हाला एकच सेल, म्हणजे टिंबांची एकच चौकट. नंबर साइन म्हणजे डॉट्स ३४५६ टाकलंत तर मशीन ते हॅश समजतं, त्यामुळे तुम्ही मनात "१२" टाकलंत तरी आत गेलं हॅश ए बी. डॉट ६ टाकलात तर ते स्वल्पविराम समजतं. आणि दुसऱ्या ग्रेडची सवय असेल तर अजून गंमत, चिपळूणचं इंग्रजी स्पेलिंग लिहिताना तुम्ही सुरुवातीला सीएचचं संक्षिप्त चिन्ह म्हणजे डॉट्स १६ टाकलंत की आत जातो स्टार. पासवर्डची चौकट नुसतं "स्टार स्टार" बोलत असते म्हणून काय चुकलं तेही कळत नाही.

आकडे असे टाकायचे. नेहमीच्या आकड्यांची अक्षरं एक ओळ खाली सरकवायची, नंबर साइन नाही. एक म्हणजे डॉट २, दोन म्हणजे २३, तीन २५, चार २५६, पाच २६, सहा २३५, सात २३५६, आठ २३६, नऊ ३५ आणि शून्य ३५६. आठ कीजवालं मशीन असेल तर मोठ्या अक्षराला त्याच अक्षराबरोबर डॉट ७ दाबायचा, पण काही मशीनवर डॉट ७ ची की बॅकस्पेसला दिलेली असते, त्यामुळे आपल्या मशीनच्या मदतीच्या पानात मोठं अक्षर कसं टाकतात ते एकदा वाचून घ्या.

माझं म्हणाल तर या सगळ्या कटकटीत पडूच नका. फोनवर जाऊन हॉटस्पॉटचा पासवर्डच बदला आणि सगळी लहान इंग्रजी अक्षरं ठेवा, आकडे नको, चिन्हं नको, मोठी अक्षरं नको. कमीत कमी आठ अक्षरं लागतात, तुम्ही बारा-पंधरा ठेवा म्हणजे कोणाला सहज ओळखता येणार नाही. दोन तीन गावांची नावं एकाला एक जोडून टाकलीत तरी झालं, फक्त स्वतःच्या गावाचं नको. टाइप करताना एकेक अक्षर पूर्ण लिहायचं, संक्षिप्त नाही. अँड्रॉइडवाल्या मशीनवर पासवर्ड दाखवा असा चेकबॉक्स असतो, तो लावलात की काय टाइप होतंय ते बोटाखाली वाचता येतं.

यादीत बाकीच्यांची वाय-फाय दिसतात, माझाच हॉटस्पॉट दिसत नाही. असं का?

बहुतेक वेळा फोन ५ गिगाहर्ट्झवर हॉटस्पॉट देत असतो आणि मशीनला फक्त २.४ समजतं. अँड्रॉइडवर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड असा पर्याय असतो, तिथे २.४ निवडा, काही फोनवर त्याला सुसंगतता वाढवा असं काहीतरी नाव असतं. आयफोन १२ पासून पुढच्या फोनवर पर्सनल हॉटस्पॉटच्या पानावरच मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी असा स्विच आहे, तो चालू केला की फोन २.४ वर येतो.

दुसरं कारण सुरक्षेचा प्रकार. नवीन फोन डब्ल्यूपीए३ लावतात, जुन्या मशीनला ते कळत नाही, मग नाव दिसतं पण जोडलं जात नाही. तिथे डब्ल्यूपीए२ निवडा. पासवर्डच काढून टाकू नका हं, एसटी स्टँडवर बसलात तर आख्खा स्टँड तुमच्या नेटवर सिनेमा बघेल.

जोडलं जातं आणि थोड्या वेळाने आपोआप सुटतं.

फोन बॅटरी वाचवायला हॉटस्पॉट बंद करतो. अँड्रॉइडवर "कोणी जोडलेलं नसेल तर आपोआप बंद करा" असं सेटिंग असतं ते काढा. आयफोनवर तसं सेटिंग नाही, तिथे हॉटस्पॉटचं पान उघडं ठेवून मगच नोटटेकरवर शोधायला लागा, म्हणजे आधी नोटटेकर हातात घेऊन वाय-फायच्या मेनूपर्यंत पोचून ठेवायचं आणि मग फोन उघडायचा, उलट केलंत तर तुम्ही मेनू शोधेपर्यंत फोन गप्प झालेला असतो. नोटटेकर झोपेत गेला की तोही वाय-फाय सोडतो, मोठं पुस्तक उतरत असेल तर चार्जिंगला लावून ठेवा.

ब्लूटूथ टेदरिंग आणि हॉटस्पॉट, चांगलं कुठलं?

नव्वद टक्के वेळा हॉटस्पॉट, सोपा आहे आणि वेगवान आहे. ब्लूटूथ टेदरिंगचा फायदा एकच, फोनची बॅटरी कमी खातं. वेग फार तर एक-दोन एमबीपीएस पर्यंत, पण ब्रेलमध्ये वाचणाऱ्याला मजकुरापुरतं ते पुष्कळ झालं, आपल्याला कुठे व्हिडिओ बघायचाय. त्यासाठी फोन आणि मशीन आधी पेअर करा, फोनवर हॉटस्पॉट आणि टेदरिंगमध्ये ब्लूटूथ टेदरिंग चालू करा, मग अँड्रॉइडवाल्या नोटटेकरवर पेअर केलेल्या फोनच्या तपशिलात इंटरनेट ॲक्सेस असा स्विच शोधून चालू करा. हा शेवटचा स्विच लोक विसरतात.

यूएसबी केबलने होतं का?

कॉम्प्युटरसारख्या पूर्ण विंडोजवर (जुन्या विंडोज सीईवर नव्हे) चालणारं मशीन असेल तर होतं, आणि छान होतं, फोन चार्ज पण होत राहतो. बाकीच्यांनी हॉटस्पॉटच धरा.

आमच्या घरात रेंजच नाय येत. फक्त आंब्याच्या बागेत वरच्या अंगाला उभं राहिलं तर येते. नोटटेकर घेऊन तिथे जाऊ काय?

नको हो, मशीन लाखांत जाणारं आणि वरून कैरी पडली म्हणजे. फोन एका जागी आणि तुम्ही दुसऱ्या जागी बसायचं, हॉटस्पॉटचा खरा उपयोग हाच आहे.

आपल्याकडची जुनी घरं चिऱ्याची, भिंत हातभर जाड, त्यात माजघरात तर बाहेरचा आवाज पण येत नाही तिथे रेंज कुठून येणार. पण माडीवर, पोटमाळ्याच्या झरोक्यापाशी, नाहीतर पडवीच्या टोकाला एखादी जागा अशी असतेच जिथे फोनला दोन काड्या मिळतात. घरात फिरून ती जागा शोधा, आणि कसं शोधायचं तर टॉकबॅकवर स्क्रीनच्या अगदी वरच्या पट्टीवर बोट ठेवलं की सिग्नल किती ते बोलतं, प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबून ऐका कारण आकडा लगेच बदलत नाही. जागा सापडली की फोन तिथे ठेवा, खिडकीच्या आत, पावसाचा शिंतोडा येणार नाही असा, आणि तुम्ही ओटीवर येऊन बसा. हॉटस्पॉट २.४ वर ठेवला असेल तर तो चिऱ्याच्या एखाद्या भिंतीतून येतो, ५ वर असेल तर भिंतीलाच अडतो. दोन भिंती मध्ये असतील तर दाराच्या रेषेत बसायचा प्रयत्न करा, उघड्या दारातून जे येतं ते भिंतीतून येत नाही.

फोन ५जी असेल आणि सारखा ४जी ५जी असं झोके घेत असेल तर मोबाईल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन पसंतीचं नेटवर्क ४जी करून टाका. कमकुवत ५जीपेक्षा धड ४जी कधीही परवडलं. आणि नवीन सिम घ्यायच्या आधी जाहिरात बघू नका, शेजारच्या वाडीत कोणाकडे कुठलं कार्ड आहे आणि त्यांच्या घरात नेट चालतं का ते विचारा. खाडीच्या एका काठाला चालणारं कार्ड पलीकडच्या काठाला चालेलच असं नाही.

गणपतीत नेट एकदम स्लो का होतं?

चाकरमानी येतात म्हणून. टॉवर तोच आणि माणसं चौपट, प्रत्येकाच्या हातात आरतीचा व्हिडिओ. संध्याकाळी सात ते अकरा नाद सोडा, पहाटे लवकर उठून काय ते उतरवून घ्या. शिमग्याला आणि मे महिन्याच्या सुट्टीत पण तेच.

मुंबईला जाताना गाडीत काम करता येईल का?

येईल पण ऑनलाइन राहायची अपेक्षा ठेवू नका. कोकण रेल्वेवर बोगदे किती ते तुम्हाला सांगायला नको, रत्नागिरीजवळचा करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. दर बोगद्याला फोनचं नेट जातं, नोटटेकरला मात्र वाय-फाय जोडलेलंच दिसतं कारण फोन शेजारी आहे ना, मग ईमेल पाठवताना नुसता एरर येत राहतो आणि माणूस सेटिंग्ज बदलत बसतो. काही बदलू नका. ईमेल ऑफलाइन लिहून आउटबॉक्समध्ये टाकून ठेवा आणि चिपळूण, खेड अशा मोठ्या स्टेशनात गाडी थांबली की पाठवा. पुस्तक तर घरूनच उतरवून निघा.

स्टेशनवरचं फुकट वाय-फाय वापरलं तर?

तिथे आधी ब्राउझरमध्ये एक पान उघडतं, त्यात मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी येतो तो टाकायचा. नोटटेकरच्या ब्राउझरवर ते पान बऱ्याचदा उघडतच नाही आणि उघडलं तरी बटणं नीट वाचली जात नाहीत. स्वतःच्या हॉटस्पॉटला हे पान नाही, तोच लावा.

जोडलंय असं मशीन म्हणतं, पण एकही साइट उघडत नाही आणि मेल येत नाही.

आधी फोनवर नेट चालू आहे का ते बघा, पॅक संपलेला असतो. हसू नका, खरंच संपलेला असतो.

फोनवर चालतंय आणि नोटटेकरवर नाही, तर मशीनची तारीख बघा. पावसात दोन तीन दिवस लाइट नव्हती, मशीन पूर्ण उतरलं, की काही मशीनांचं घड्याळ जुन्या कुठल्या तरी वर्षात जाऊन बसतं. सुरक्षित साइट्सना प्रमाणपत्र असतं आणि त्याला मुदत असते, मशीनला वाटतं ते अजून लागूच झालेलं नाही, म्हणून ते दार उघडत नाही. तारीख, वेळ आणि टाइमझोन नीट केलात की अर्ध्याहून जास्त केसेस तिथेच सुटतात.

तारीख बरोबर आहे आणि मशीन जुनं आहे तर मात्र दुखणं वेगळं. आजच्या साइट्स सुरक्षित जोडणीसाठी टीएलएस नावाची पद्धत, तीही १.२ किंवा त्यापुढची, मागतात, विंडोज सीईच्या काळातल्या मशीनना ते येत नाही. यात तुमची किंवा फोनची चूक नाही आणि सेटिंग बदलून ते येणारही नाही.

जीमेलचं अजून एक. गूगलने ३० मे २०२२ पासून साध्या पासवर्डने दुसऱ्या ॲपमधून लॉगिन करणं बंद केलं. त्यामुळे नोटटेकरच्या ईमेल प्रोग्रॅममध्ये नेहमीचा पासवर्ड घेत नाही. गूगल खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायची आणि मग ॲप पासवर्ड बनवायचा. तो सोळा लहान इंग्रजी अक्षरांचा असतो, मध्ये जागा न सोडता टाकायचा, म्हणजे ब्रेलवाल्यांसाठी झकासच, आकड्यांची भानगड नाही.

माझ्याकडे जुना अपेक्स आहे, पूर्वी नोकियाच्या फोनवरून ब्लूटूथने नेट लावायचो, स्टार नव्याण्णव हॅश डायल करून. आता का नाही होत?

आहाहा, काय दिवस होते. ती डायल-अप नेटवर्किंगची पद्धत, डीयूएन म्हणायचे. नोटटेकर फोनला मोडेम समजायचा आणि तो नंबर फिरवायचा. आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये ती सेवा येतच नाही. आणि तोच नंबर आता फोनवरून फिरवलात तर नेट नाही, बँकेचा मेनू येतो, इंटरनेटशिवाय बँकिंग करायची सेवा त्या नंबरवर आहे.

अपेक्सवाल्यांना मी एवढंच सांगेन की नेटचं काम फोनला द्या. अपेक्सचा कीबोर्ड आणि ब्रेलच्या सेल्स आजही सुंदर आहेत, लिहायला वाचायला त्याच्यासारखं मशीन नाही, पण ब्राउझिंग त्याच्याकडून करून घेऊ नका. फोनवर फाइल उतरवायची, ओटीजी (फोनला पेन ड्राइव्ह जोडायची छोटी पिन) लावून पेन ड्राइव्हमध्ये घ्यायची आणि पेन ड्राइव्ह अपेक्सला लावायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

महिन्याला डेटा किती जाईल?

ब्रेलला फार कमी लागतो. हिशोब करा, ब्रेलचं एक पान म्हणजे चाळीस सेलच्या पंचवीस ओळी, हजार अक्षरं, म्हणजे साधारण एक केबी. पाचशे ब्रेल पानांचं पुस्तक अर्ध्या एमबीत बसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा एक गुड मॉर्निंगचा व्हिडिओ याच्यापेक्षा जड असतो. ऑडिओ डेझी पुस्तक, म्हणजे अंधांसाठीचं बोलकं पुस्तक, असेल तर गोष्ट वेगळी, तासाला साधारण पंधरा ते तीस एमबी धरा, दहा तासांचं पुस्तक दीडशे ते तीनशेत जातं. खरा खाणारा म्हणजे सॉफ्टवेअर अपडेट. अँड्रॉइडवाल्या मशीनवर आपल्या हॉटस्पॉटच्या तपशिलात मीटर्ड असा पर्याय असेल तर तो लावा, म्हणजे मशीन पाठीमागून गुपचूप मोठं काही उतरवत नाही. दिवसाच्या पॅकमधला उरलेला डेटा रात्री बारा वाजता तसाही जातोच, अपडेट असेल तर साडेदहाला लावा.

मुलगी बारावीला आहे, तिला मराठी पुस्तकं हवीत. नोटटेकरवर कुठून मिळतील, आणि मराठी ब्रेल दिसेल का?

ताई, आधी मिळण्याचं सांगतो. सुगम्य पुस्तकालय ही अंध आणि छापील वाचता न येणाऱ्यांसाठीची ऑनलाइन लायब्ररी २०१६ मध्ये सुरू झाली, नाव नोंदवायला अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. बुकशेअर ही तशीच ऑनलाइन लायब्ररी पण आहे, आणि ब्रेलनोट टच, ब्रेलसेन्स यांच्यात बुकशेअरमधून थेट उतरवायची सोय आतच दिलेली आहे. अशी पुस्तकं एका देशातून दुसऱ्या देशात कायदेशीरपणे देता यावीत म्हणून मराकेश करार झाला, आणि तो मंजूर करणारा पहिला देश भारत, २०१४ साली. एवढी चांगली गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते म्हणून सांगून ठेवली.

आता ब्रेलचं. मराठी ब्रेल हे भारती ब्रेलचा, म्हणजे भारतीय भाषांच्या सामायिक ब्रेलचा भाग. पुस्तक साध्या मराठी मजकुराच्या फाइलमध्ये असेल तर मशीनमध्ये मराठीचं ब्रेल टेबल (कुठल्या अक्षराला कुठली टिंबं याचा तक्ता) लागतं, ते नसेल तर बोटाखाली प्रश्नचिन्हं नाहीतर कचरा येतो. पण फाइल बीआरएफ असेल तर टेबलची गरजच नाही. बीआरएफमध्ये थेट टिंबंच साठवलेली असतात, मशीनला मराठी येवो न येवो, ते टिंबं उचलतं आणि वाचते तुमची मुलगी. फक्त त्या वेळी मशीनचं ब्रेल भाषांतर बंद ठेवायचं, आणि आवाज बंद करा कारण मशीन ते इंग्रजी समजून काहीबाही बडबडतं. म्हणून मशीन जुनं असेल किंवा मराठी टेबल नसेल तर बीआरएफ आहे का तेच आधी विचारा.

पावसात लाइट जाते, टॉवर पण जातो. तयारी काय करावी?

लाइट गेली की टॉवर बॅटरीवर काही तास चालतो, डिझेल पोचलं तर पुढे, नाहीतर तोही गेला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे आलं त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीतल्या किती गावांत कितीतरी दिवस ना लाइट ना फोन, ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. मेच्या शेवटाला महिनाभर पुरतील इतकी पुस्तकं मशीनमध्ये भरून ठेवा. हवामान खात्याचा इशारा आला की फोन, नोटटेकर, पॉवर बँक तिन्ही पूर्ण चार्ज करा. लाइट नसताना फोनची बॅटरी फोनसाठीच ठेवा, हॉटस्पॉट लावलाच तर मेल घेऊन लगेच बंद, किंवा ब्लूटूथ टेदरिंग. नोटटेकरचं वाय-फाय बंद ठेवलंत आणि आवाज बंद करून नुसतं ब्रेलवर वाचलंत तर मशीन बरंच जास्त चालतं.

जाता जाता, दमट हवेने ब्रेलच्या पिना अडकतात. पावसाळ्यात मशीन डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि फणस नाहीतर आंबा खाल्लेल्या हातांनी वाचू नका, हात धुऊन नीट पुसून मगच.

शेजारच्या पोरांनी माझा हॉटस्पॉट जोडून डेटा संपवला. कसं थांबवू?

पासवर्ड एकदा सांगितला की तो पूर्ण वाडीला सांगितला असं समजा. बदला आणि परत सांगू नका. अँड्रॉइडच्या हॉटस्पॉटच्या पानावर आत्ता कोण जोडलंय ते दिसतं, बऱ्याच फोनवर जास्तीत जास्त किती जणांना जोडायचं तो आकडा ठरवता येतो, तो एक करा. मग नोटटेकर आधी जोडलेला असला की दुसऱ्याला जागाच नाही.

फोन बदलला. आता सगळं पहिल्यापासून करावं लागेल का?

नाही. नवीन फोनवर हॉटस्पॉटचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार जुन्या फोनवर होता अगदी तसाच ठेवा, एक अक्षर इकडे तिकडे नको. नोटटेकर नाव आणि पासवर्ड ओळखतो, फोन कुठला ते बघत नाही, त्यामुळे तो आपला आपण जोडला जातो. बँड मात्र २.४ वर आणायला विसरू नका, नवीन फोन बरेचदा ५ वरच सुरू होतात. ब्लूटूथ टेदरिंग वापरत असाल तर पेअरिंग परत करावं लागेल, आणि ते करताना नोटटेकरमधून जुना फोन आधी काढून टाका.